कार्डाचे देणे आणि पगारदाराची पत

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरातील शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून पगारपत्रके हाती पडतात. डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. उजव्या बाजूला भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, विम्याचा हप्ता आणि बहुतेकांच्या बाबतीत पतसंस्थेचा हप्ता. या एका कागदावर नोकरदार माणसाची सारी सांपत्तिक स्थिती उमटते, असे पूर्वी समजले जाई आणि ते समजणे फारसे चुकीचे नव्हते. जामीन राहण्यापूर्वी सहकारी शिक्षक हाच कागद पाहत, मुलीचे स्थळ पाहणारेही आडून आडून याच कागदाची चौकशी करीत. आता मात्र या कागदाची साक्ष अपुरी पडू लागली आहे. कारण ज्या देण्यामुळे अनेक घरांची महिनाअखेर आज पंधरा तारखेलाच येते, ते क्रेडिट कार्डाचे देणे पगारपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. ते पतसंस्थेच्या संचालकांना ठाऊक नसते, जामीनदाराला ठाऊक नसते आणि पुष्कळदा घरातील माणसांनाही ठाऊक नसते.

भारतात क्रेडिट कार्ड आले त्याला आता चार दशके उलटून गेली. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली ते प्रथम चलनात आणले, तेव्हा ती मोठ्या शहरांतील मोठ्या मंडळींची चैन होती. २०२४ च्या प्रारंभी देशातील कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. पगार ज्या बँकेत जमा होतो तीच बँक आता कार्ड देऊ करते. पगार नियमित येतो एवढे तिला पुरेसे वाटते. तो कोठे कोठे जातो याची विचारपूस ती कार्ड देतेवेळी फारशी करीत नाही. ही विचारपूस पुढे होते, आणि नेमकी नको त्या वेळी होते. त्याकडे नंतर वळू.

कार्डाचा व्यवहार वरवर पाहता सरळ आहे. ठरलेल्या तारखेच्या आत सारी रक्कम भरली तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत पैसा बिनव्याजी वापरायला मिळतो. असा वापर करणारा मनुष्य बँकेला जवळजवळ फुकट राबवून घेतो आणि त्याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. पण सारी रक्कम भरता आली नाही तर बिलावर छापलेली दुसरी, लहान रक्कम डोळ्यांत भरते. तिला ‘किमान देय रक्कम’ म्हणतात. ती भरली की विलंबशुल्क लागत नाही, कोणाचा दूरध्वनी येत नाही, मनाला हलके वाटते. मात्र त्याच क्षणी बिनव्याजी मुदतीची सवलत संपते आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू होते. पुढची थकबाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून ते चढते.

हे व्याज किती, हे आकड्यांनी पाहिलेलेच बरे. महिना साडेतीन ते पावणेचार टक्के हा आज अनेक कार्डांचा दर आहे. समजा, एखाद्या लिपिकाच्या कार्डावर दीड लाख रुपये थकले आहेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज ५,२५० रुपये झाले. इतर कर्जांच्या व्याजावर वस्तू व सेवा कर नाही, पण कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के कर आहे. त्याचे ९४५ रुपये. एकूण ६,१९५ रुपये केवळ महिना उलटल्याबद्दल. आता किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, त्याने इमानेइतबारे भरली, तर मुद्दलात कमी होतात फक्त १,३०५ रुपये. त्याने कार्ड कपाटात बंद करून ठेवले, एक पैशाची नवी खरेदी केली नाही आणि वर्षभर याच प्रमाणात भरणा चालू ठेवला, तरी वर्षअखेरीस त्याच्या खिशातून पंच्याऐंशी हजारांहून अधिक रुपये गेलेले असतात आणि देणे मात्र पंधरा हजारांच्या आसपासच घटलेले असते. शाळेत चक्रवाढ व्याज शिकवणारे शिक्षकही या हिशोबात फसतात. गणित त्यांना येत नाही असे नाही. बिल त्यांना वर्षाचा हिशोब दाखवीत नाही, महिन्याचा दाखवते, हे त्याचे कारण. किमान रक्कम भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी सक्तीचे केले आहे. तो छापलेलाही असतो. बारीक अक्षरांतील इशाऱ्यांचे जे होते तेच त्याचे होते.

आता याच दीड लाखासाठी वैयक्तिक कर्ज मिळाले, दर वर्षाला चौदा टक्के धरला आणि मुदत तीन वर्षांची, तर मासिक हप्ता सुमारे ५,१२७ रुपये बसतो. म्हणजे पूर्वी जेवढे पैसे नुसत्या व्याज-कराला जात होते त्याहून हजार रुपये कमी भरून तीन वर्षांत सारे कर्ज मुद्दलासह फिटते. एकूण व्याज पस्तीस हजारांच्या आत राहते. पतसंस्थेने ते अकरा टक्क्यांनी दिले तर हप्ता ४,९११ रुपये होतो. आकडे इतके स्पष्ट बोलत असताना पुढे वादाला जागा उरू नये. तरीही ती उरते, आणि तेथेच या प्रश्नाचे खरे मर्म आहे.

पहिला आक्षेप नीतीचा असतो. कर्ज फेडायला कर्ज काढणे म्हणजे एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे. अंथरूण पाहून पाय पसरायला हवे होते. ऋण काढून सण करणाऱ्यांची गत अशीच व्हायची. असे सांगणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक कचेरीत असतात आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? सणासुदीला मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच ‘बिनव्याजी हप्त्यां’वर घेऊन पुढे पस्तावलेले लोक काही कमी नाहीत. तथापि कार्डाची थकबाकी नेहमी चैनीतूनच येते हे गृहीत धरणे अन्यायाचे होईल. वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागते आणि अनामत रक्कम खिडकीवर तत्काळ भरावी लागते. विम्याचे पैसे नंतर येतात, तेही कापून येतात. मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाची मुदत दोन दिवसांत संपते. अंशतः अनुदानित शाळांत पगार महिना-दोन महिने रेंगाळतो. अशा वेळी पूर्वी भिशीचा नंबर लावून घेतला जाई, शेजाऱ्यांकडून हातउसने घेतले जाई, नाहीतर गुजरीत जाऊन पाटल्या ठेवल्या जात. आज कार्ड खिशात असते आणि ते कोणापुढे तोंड वेंगाडायला लावत नाही. त्याची मोहिनी यातच आहे. आणि देणे कसेही झालेले असो, ते बेचाळीस टक्क्यांनी फेडावे की चौदा टक्क्यांनी, हा प्रश्न नीतीचा नसून शहाणपणाचा आहे. चूक झाली म्हणून माणसाने महागातले महाग व्याज भरीत राहावे, या सल्ल्याने नीतीचे रक्षण होत नाही. बँकेचा नफा तेवढा वाढतो.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. ती मंजुरीची. कार्ड देताना जी विचारपूस झाली नाही ती आता होते. बँक पगाराच्या पावत्या मागते, सहा महिन्यांचा खातेउतारा मागते आणि पतमाहिती कंपनीकडून अर्जदाराचा गुणांक मागवते. हा गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि साडेसातशेच्या वर असला म्हणजे अर्जाकडे प्रसन्न नजरेने पाहिले जाते. पण कार्डाची मर्यादा जितकी अधिक वापरलेली, तितका गुणांक खाली येतो. म्हणजे ज्याला स्वस्त कर्जाची सर्वांत अधिक गरज, त्याचाच गुणांक सर्वांत पडलेला. मग हप्त्यांचा मेळ पाहिला जातो. निव्वळ पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जात असेल तर अर्ज मागे पडतो, आणि या बेरजेत कार्डावरील थकबाकीच्या पाच टक्के रक्कम पुष्कळ बँका ‘चालू हप्ता’ म्हणून धरतात. दीड लाखाची थकबाकी म्हणजे साडेसात हजारांचा बोजा. जे देणे नाहीसे करण्यासाठी अर्ज केला, तेच देणे अर्ज नाकारण्याचे कारण होऊन बसते. मग अर्जदार दुसऱ्या बँकेत जातो, तिसरीत जातो. प्रत्येक चौकशीची नोंद त्याच्या खात्यावर होते, आणि अनेक ठिकाणी हात पसरणारा म्हणून गुणांक आणखी घसरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या वैयक्तिक कर्जांवरील जोखीमभार शंभर टक्क्यांवरून सव्वाशे टक्क्यांवर नेला. असुरक्षित कर्जांचा सुळसुळाट रोखण्याचा हेतू योग्यच होता. पण अशा उपायाची झळ आधी नव्या मोहात पडणाऱ्याला लागते की जुन्या देण्यातून बाहेर पडू पाहणाऱ्याला, हे तपासून पाहण्यासारखे आहे. मोहात पडणाऱ्याला कार्डाची मर्यादा वाढवून देणारे संदेश अजूनही येतच असतात.

या साऱ्यात एक विसंगती अशी आहे की ती महाराष्ट्राच्या वाचकाला विशेष बोचावी. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याची मोठी देणगी ही की न्यायालयाला रोख्यावरील आकड्यापाशी थांबण्याचे बंधन राहिले नाही. रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती, व्याज किती चढवले, व्यवहार कसा घडला, हे पाहण्याचा अधिकार त्याला मिळाला. दामदुपटीचा नियम तर त्याहून कितीतरी जुना. व्याजाची थकबाकी मुद्दलाच्या पुढे जाता कामा नये, हे तत्त्व मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत आली आणि सावकारीच्या कायद्यांतही ते उतरले. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा जाऊन २०१४ साली महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आला, आणि त्याखाली परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावे याचे दर शासनाने ठरवून दिले. शेतकरी नसलेल्या ऋणकोला विनातारण कर्ज दिल्यास वर्षाला अठरा टक्के, ही त्यातील कमाल मर्यादा.

अठरा टक्के! लक्ष्मीपुरीतील एखाद्या परवानाधारक सावकाराने एखाद्या लिपिकाकडून वीस टक्के घेतले तर तो कायद्याचा भंग ठरतो. त्याच लिपिकाकडून कार्डावर बेचाळीस टक्के घेतले जातात आणि ते पूर्णपणे कायदेशीर असते. कारण बँकांना सावकारीचा कायदा लागू नाही. आणि बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली अमलात आलेल्या २१-अ या कलमाने, बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये, असे ठरवून टाकले आहे. ज्या प्रांतात रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार न्यायालयाला एका बंडानंतर मिळाला, तेथे शतकभराने तो बँकांपुरता काढून घेतला गेला आणि कोणी फारशी दखलही घेतली नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली, कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. त्याला स्थगिती मिळाली, प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहिले आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील विषय आहे, अटी समजून-उमजून मान्य केलेल्या करारात आयोगाने ढवळाढवळ करणे योग्य नाही, असा त्या निकालाचा रोख. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. परंतु रिझर्व्ह बँकेने व्याज अवाजवी नसावे एवढे सांगून कोणताही आकडा ठरवून दिलेला नाही, हे लक्षात घेतले तर कार्डधारकाला दाद मागण्याचे दार कोणते उरले, हा प्रश्न निकालानंतरही उरतो.

दार उरले आहे ते सहकाराचे; आणि या बाबतीत कोल्हापूरइतके भाग्यवान गाव शोधून सापडायचे नाही. १९०४ साली ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. कोल्हापूर हे संस्थान. त्याला तो आपोआप लागू नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात सहकाराला कायद्याचा आधार दिला आणि १९१३ साली कोल्हापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी उभी राहिली. सावकाराच्या दाराशी जाणाऱ्याला दुसरे दार उघडून देणे, एवढाच त्या प्रयत्नांचा अर्थ होता आणि तो फार मोठा होता. त्याच परंपरेत पुढे सरकारी नोकरांची बँक झाली, प्राथमिक शिक्षकांची बँक झाली, माध्यमिक शिक्षकांची पतसंस्था झाली. कारखाने, नगरपालिका, महाविद्यालये यांच्या सेवकांच्या संस्था तर ठिकठिकाणी निघाल्या. या संस्थांच्या हाती एक असे साधन आहे की ज्याचा हेवा कोणत्याही खासगी बँकेने करावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ४९ व्या कलमानुसार सभासदाने लिहून दिले की मालकाला त्याच्या पगारातून संस्थेचा हप्ता कापून द्यावाच लागतो. पगार सभासदाच्या हाती पडण्यापूर्वीच हप्ता वसूल होतो. ज्याची वसुली इतकी निश्चित, त्याला गुणांकाची एवढी धास्ती कशाला?

असे असता कार्डाच्या पाशात अडकलेला शिक्षक आपल्याच संस्थेकडे उजळ माथ्याने का जात नाही? जातो, पण वेश पालटून जातो. पतसंस्थेच्या अर्जात कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. तेथे ‘घरदुरुस्ती’, ‘मुलीचे लग्न’, ‘औषधोपचार’, ‘शेतीसुधारणा’ ही कारणे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जात आहेत. एकेका घराची इतक्या वेळा दुरुस्ती झालेली असते की त्याचा राजवाडा व्हायला हवा होता. ‘क्रेडिट कार्डाची फेड’ असे त्या रकान्यात लिहिण्याचे धाडस मात्र कोणी करीत नाही. लिहिले तर कर्ज समितीतील ओळखीची माणसे वाचणार, जामीनदार बिचकणार, स्टाफमध्ये कुजबुज होणार. म्हणून खोटे कारण लिहिले जाते, कर्ज मंजूर होते आणि पैसे सभासदाच्या खात्यावर जमा होतात. तेथून ते कार्डाकडे सगळेच्या सगळे जातील याची हमी कोणाला? थोडे जातात, थोडे वाटेत झिरपतात. आणि जे सगळेच भरतात त्यांच्यापुढेही एक सापळा असतो. कार्डावरील देणे शून्य झाले की दीड लाखाची मर्यादा पुन्हा मोकळी होते. वर्षभरात ती पुन्हा भरली तर आता पगारातून पतसंस्थेचा हप्ताही जातो आणि कार्डाचे व्याजही जाते. अशा वेळी शेवटी कोसळतो तो जामीनदार. शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या, या प्रकरणाचा गंधही नसलेल्या शिक्षकाच्या पगारातून दुसऱ्याचा हप्ता कापला जातो. पतसंस्थांच्या इतिहासातील सर्वांत कडवट प्रसंग हेच आहेत.

तेव्हा या कर्जाला चोरवाटेने येऊ देण्यापेक्षा त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा नियम द्यावा, हे श्रेयस्कर. पगारदार संस्थांनी ‘ऋणफेड कर्ज’ असा स्वतंत्र प्रकार उपविधीत आणावा. त्याची रक्कम सभासदाच्या हाती न देता थेट कार्ड देणाऱ्या बँकेच्या खात्यात भरावी. अर्जासोबत सभासदाने आपला पतमाहिती अहवाल जोडावा. तो प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, म्हणून खर्चाची सबब नाही. त्यामुळे एक कार्ड सांगून तीन लपवण्याची सोय राहणार नाही. देणे फिटल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती सभासदाने त्याच दिवशी करावी. सारे देणे दिलेले असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे हे बँकेवर २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद झाल्याचे पत्र संस्थेच्या फायलीत आल्याखेरीज प्रकरण पुरे झाले असे मानू नये. आणि जामीनदाराला खरे कारण सांगितलेच पाहिजे. हे शेवटचे पुष्कळांना जाचक वाटेल. पण ज्याच्या पगारावर टाच येऊ शकते त्याला अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

संचालक मंडळींचा प्रतिवाद ठरलेला आहे. बँकांनी नफा कमवावा आणि त्यांची घाण सहकाराने उपसावी काय? बोचरा प्रश्न आहे, पण चुकीच्या जागी विचारलेला. ही थकबाकी संस्थेच्या सभासदावर आहे. ती न पाहिल्याने नाहीशी होत नाही. कार्डापायी गळ्याशी आलेला सभासद आधी संस्थेचे नवे कर्ज मागतो, मग जुने वाढवून मागतो आणि अखेरीस खासगी सावकाराच्या, नाहीतर मोबाइलवरील तत्काळ कर्ज देणाऱ्या भुरट्यांच्या हाती सापडतो. या वाटेवर त्याला पहिल्या मुक्कामाला अडवणे संस्थेच्याच हिताचे आहे. खरी अडचण निराळी आहे आणि तिचा उच्चार वार्षिक सभांत सहसा होत नाही. सभासदांना दिवाळीच्या सुमारास घसघशीत लाभांश हवा असतो, भेटवस्तू हवी असते. लाभांशाला कायद्याने पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली असली तरी त्या मर्यादेजवळ जाण्याची चढाओढ असते. हा लाभांश येतो कर्जदार सभासदांच्या व्याजातून. म्हणजे गरजू सभासद अधिक व्याज भरतो आणि बिनगरजू सभासद त्याची मिठाई खातो. ऋणफेड कर्जाचा दर दीड-दोन टक्क्यांनी कमी ठेवायचा तर लाभांश थोडा उतरेल. तो उतरू देण्याची तयारी किती पॅनेलप्रमुख दाखवतील, हे पाहण्यासारखे ठरेल.

कर्ज घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवायला हवेत. संस्थांच्या आणि खासगी कंपन्यांच्या जाहिरातीत ‘फक्त दहा टक्के’ असे असते, तेव्हा ते सरळ दराने की घटत्या शिलकीवर, हे विचारावे. सरळ दहा टक्क्यांनी दीड लाखाचे तीन वर्षांचे व्याज पंचेचाळीस हजार होते, हप्ता ५,४१७ रुपये बसतो. घटत्या शिलकीच्या हिशोबाने तो दर जवळजवळ अठरा टक्क्यांच्या घरात जातो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरण देणे सक्तीचे आहे. त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. इतर काही नाही वाचले तरी तो एक आकडा वाचावा. कार्डाची वसुली करणारे ‘अर्धे भरा, बाकीचे सोडतो’ असे सांगतात, तेव्हा त्या तडजोडीची नोंद पतमाहितीत राहते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी ती वर येते, हेही ध्यानात असावे. घरात सोने असेल तर सोनेतारण कर्ज हा कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त मार्ग आहे. दागिना गहाण ठेवण्याची लाज आणि बेचाळीस टक्के व्याज यांत कोणते जड, याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा.

पण या साऱ्या उपायांच्या बाहेर एक मोठा वर्ग राहतो. तासिका तत्त्वावर महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक, शिक्षणसेवक, विनाअनुदानित तुकड्यांवरील शिक्षक, कंत्राटी लिपिक. शिक्षणसेवकांचे मानधन २०२३ साली वाढवण्यात आले, तरी प्राथमिकला सोळा हजार आणि माध्यमिकला अठरा हजार रुपये, एवढेच ते झाले. तासिकावाल्यांना तर दरमहा पगारपत्रकही नाही. ज्याच्या पगाराची शाश्वती नाही तो पगारदार संस्थेचा सभासद होऊ शकत नाही, त्याला ४९ व्या कलमाचा उपयोग नाही, बँकेचे वैयक्तिक कर्ज नाही. मुदतठेवीवर मिळालेले लहानसे कार्ड किंवा मोबाइलवरील कर्ज एवढेच त्याच्या हाती असते. नेट-सेट आणि विद्यावाचस्पतीची पदवी घेतलेल्या माणसाची पत एखाद्या कायम शिपायाहून कमी ठरते. शिपायाची पत वाढली याचा आनंदच आहे. प्राध्यापकाची का घटली, हे उच्च शिक्षण विभागाने सांगायचे आहे.

या वर्गासाठी सहकार पुरा पडणार नाही; तेथे रिझर्व्ह बँकेलाच पाऊल उचलावे लागेल. ब्रिटनच्या वित्तीय आचार प्राधिकरणाने २०१८ साली एक नियम अमलात आणला. सलग अठरा महिने ज्या ग्राहकाने मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कापोटीच अधिक रक्कम भरली, तो ‘चिवट कर्जा’त अडकला असे मानायचे; बँकेने त्याच्याशी संपर्क साधून भरणा वाढवण्यास सुचवायचे; आणि छत्तीस महिन्यांनंतरही तीच स्थिती असेल तर वाजवी मुदतीत फेड होईल अशी योजना स्वतः पुढे ठेवायची, ती झेपत नसेल तर व्याज कमी करण्यासारखी सवलत द्यायची. म्हणजे स्वस्त कर्जासाठी दारोदार फिरण्याचे ओझे ऋणकोवरून उचलून ज्याने महाग कर्ज दिले त्याच्यावर ठेवले. भारतात अशा नियमाला तांत्रिक अडचण कोणतीच नाही. कोण किती महिने केवळ किमान रक्कम भरत आहे, हे बँकेच्या संगणकाला ठाऊक असते. त्याच आधारावर तर आज त्या ग्राहकाला नवनव्या योजनांचे संदेश जातात. कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून देण्याची सोय बँका आजही देतात, पण ती त्यांच्या मर्जीने आणि त्यांच्या दराने. ती ग्राहकाचा हक्क म्हणून, वैयक्तिक कर्जाच्या दराने आणि कार्डाची मर्यादा तेवढी घटवून मिळावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि शिक्षक-कर्मचारी संघटनांनीही लावून धरायला हवी. वेतन आयोगासाठी मोर्चे निघतात. वाढलेले वेतन व्याजात जाते त्याबद्दल निवेदनही निघत नाही.

पगारदार संस्थांच्या वार्षिक सभा कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. उपविधीतील दुरुस्ती त्या सभेत मंजूर करून निबंधकांकडे नोंदवावी लागते, आणि त्यासाठी विषय आधी विषयपत्रिकेवर यावा लागतो. कोल्हापुरात या सभा वाजतगाजत होतात. नोकरभरती, भेटवस्तूची खरेदी, संचालकांचे दौरे यांवर तासन्‌तास खडाजंगी चालते आणि बहुतेक विषय ‘मंजूर, मंजूर’ च्या गजरात उरकले जातात. या वर्षी एखाद्या सभासदाने वेळेत लेखी पत्र देऊन ऋणफेड कर्जाचा विषय त्या यादीत घालावा आणि लाभांशाच्या आकड्याआधी तो चर्चेला घेण्याचा आग्रह धरावा. सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणांच्या खिशात त्या महिन्याचे कार्डाचे बिल असेल, हे हात वर करून कोणी सांगणार नाही. पण गुप्त मतदान घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.